बिजागरी

कॉलेजनं यादी पाठवली होती फोनवर:
सोळा जीबी, पाचशे बाराची एसएसडी,
वजन शक्यतो दीड किलोच्या आत.
आप्पांनी ती वाचली चष्मा कपाळावर सरकवून,
जॉबचं ड्रॉइंग वाचतात तशी,
आणि पहिला प्रश्न विचारला,
"टॉलरन्स किती दिलाय?"

आईची भिशी त्या महिन्यात लागली नव्हती.
चिठ्ठी निघाली सुलभाकाकू मगदूमांची.
त्यांनी नंबर बदलून दिला,
"पोरीचं आधी होऊ दे, माझा फ्रिज काय पळून चाललाय?"
म्हणून एकेचाळीस हजार, रबर लावलेले,
आप्पांच्या आतल्या खिशात
आणि खिशावर आप्पांचा हात
दसरा चौकापासून थेट
राजारामपुरी आठव्या गल्लीपर्यंत.

दुकानात एसी. ओळीनं उघडे लॅपटॉप,
दातांच्या दवाखान्यात आ वासून बसल्यासारखे.
टाय लावलेला पोरगा आकडे म्हणत गेला पाढ्यांसारखे.
आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाले, "हे उघडून दाखव."
"उघडाच आहे की, काका."
"तसं न्हवं. मागचं झाकण काढ. आत काय हाय बघू दे."
पोरगा हसला. वॉरंटी जाते म्हणाला.
आप्पा हसले नाहीत.

मी खाली बघत होते.
पांढऱ्या फरशीवर आप्पांच्या चपलांचे
ऑईलचे दोन ठसे
आणि मला, खरं सांगते, त्या ठशांची लाज वाटली.
बाहेर आल्यावर लाज वाटल्याची लाज वाटली.
ती अजून पुरती फिटलेली नाही.

शाहूपुरीत जिन्याखालच्या गाळ्यात इम्तियाज बागवान.
चुंबकाच्या ताटलीत तांदळाएवढे स्क्रू.
कुठल्याशा बँकेनं वापरून काढलेला काळा लॅपटॉप
त्यानं पालथा घातला, न विचारता झाकण काढलं,
आणि आप्पा पुढं वाकले.
पंखा, चहाच्या बशीच्या निम्मा.
तांब्याची चपटी नळी, कोपऱ्यात वळवून नेलेली.
"बेंड चांगला मारलाय," आप्पा म्हणाले,
"कुठं चेपला न्हाई."
मग पाऊण तास दोघं बोलत बसले:
ऊब कुठनं जाते, धूळ कुठं बसते,
उद्यमनगरात आता चांगला टर्नर का मिळत नाही.
मी तिथं नव्हतेच जणू.
मी की-बोर्ड बघत होते.
'एन' अक्षर पार झिजून गेलेलं.
बँकेत कुणी इतक्या वेळा
नाही म्हटलं असेल?

शेवटी आप्पांनी स्क्रीन धरली दोन बोटांत,
उघडली, मिटली, उघडली,
डोळे मिटून,
चकमधला जॉब हलतो का बघतात तशी.
"बिजागरीत ढिल न्हाई. पाव सूतसुद्धा न्हाई.
आत काय का असंना,
रोजची उघडझाप हिचीच होणार."

सव्वीस हजार. वर बॅग फुकट.

परतीच्या केएमटीत बॅग माझ्या मांडीवर,
बॅगेवर आता त्यांचा हात.
"सोळा म्हंजे काय गं?"
मेमरी, म्हटलं. लक्षात ठेवायची जागा.
रंकाळ्याच्या वळणापर्यंत ते गप्प.
मग म्हणाले, "बळवंतमिस्त्रीला दोनशे जॉबची मापं तोंडपाठ.
त्याला कुणी कधी जीबी विचारलं न्हाई."

रात्री अपडेट सुरू झालं.
आप्पा शिलाई मशीनची तेलाची बुधली घेऊन आले,
बिजागरीत एकच थेंब, म्हणाले.
आई ओरडली, मी हात धरला.
त्यांनी बुधली खाली ठेवली, जरा नाराजीनं,
आणि तळवा धरला बाजूच्या जाळीपाशी.
"गरम हवा येतीया."
येते, आप्पा.
"येऊ दे. यायलाच पायजे."
आणि तसेच बसून राहिले, हात न काढता,
चौतीस टक्क्यांपासून
एकोणसत्तरपर्यंत.